सही झाल्यानंतरची वर्षे

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोच्या कर्मचाऱ्यांना काम थांबवण्याचा आदेश मिळाला आणि केंद्राने मोकळी सोडलेली जागा राज्यांनी भरावी का, हा तिथला जुना वाद पुन्हा तापला. रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे वृद्धांना राहत्या घराच्या तारणावर मिळणारे कर्ज. त्याच्याबाबतीत हा वाद ज्या तऱ्हेने घातला जातो ती पाहिली, की असे कर्ज घेतलेल्या माणसाच्या घरी पोस्टाने काय काय येते हे या मंडळींपैकी कोणी कधी पाहिले आहे का, अशी शंका येते. एक पक्ष म्हणतो, या कंपन्या म्हाताऱ्यांची घरे गिळायला बसल्या आहेत, तेव्हा राज्यांनी हा धंदाच बंद पाडावा. दुसरा म्हणतो, कर्ज केंद्राच्या विम्याचे, नियम केंद्राचे, समुपदेशनही सक्तीचे. मग पन्नास राज्यांनी त्यात लुडबूड का करावी? दोघांचीही नजर ज्या टेबलावर सही होते त्या टेबलापाशीच अडकलेली आहे. माझे म्हणणे असे, की राज्यांनी या कर्जांवर नियंत्रण ठेवलेच पाहिजे, वेळ आली तर कंपन्यांवर कारवाईही केली पाहिजे. पण तिचा मुख्य रोख सहीनंतरच्या दहा-पंधरा वर्षांवर असला पाहिजे, कारण घर हातचे जाते ते त्या वर्षांत.

आधी हा व्यवहार नेमका काय आहे ते पाहू. १९६१ साली मेन राज्यातील पोर्टलंड शहरात एका बचत संस्थेने एका विधवेला तिच्या घरावर असे कर्ज दिले, ते अमेरिकेतील पहिले रिव्हर्स मॉर्गेज मानले जाते. १९८८ मध्ये केंद्राने कायदा करून त्याला विम्याचे पाठबळ दिले आणि आज होणारी बहुतेक कर्जे त्याच योजनेतील असतात. ६२ वर्षे पूर्ण झालेल्या घरमालकाला घराच्या किमतीचा काही भाग रोख, दरमहा किंवा लागेल तसा मिळतो. हप्ता भरायचा नसतो. व्याज मुद्दलात चढत राहते आणि मालक वारला, घर विकले किंवा तो कायमचा दुसरीकडे राहायला गेला, की सगळे कर्ज एकदम देय होते. मालकी शेवटपर्यंत कर्जदाराचीच असते आणि घराच्या किमतीहून कर्ज फुगले तरी वरची रक्कम वारसांच्या डोक्यावर बसत नाही. म्हणजे “सही केली की घर बँकेचे झाले” हे जे सर्रास सांगितले जाते ते साफ चूक आहे, आणि टीकाकारांनी ते म्हणणे सोडून दिले तर त्यांचीच बाजू बळकट होईल. खरी मेख इतर अटींत आहे. प्रॉपर्टी टॅक्स वेळेवर भरायचा, घराचा विमा चालू ठेवायचा, डागडुजी करायची आणि त्याच घरात राहायचे. यांतले एक जरी चुकले तरी कर्ज तत्काळ देय ठरू शकते.

“त्याच घरात राहायचे” ही अट कागदावर किती निरुपद्रवी दिसते! न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. सत्तरच्या दशकात काकांबरोबर आलेल्या, आता एकट्या. छत बदलायचे होते, जुन्या गृहकर्जाचे थोडे हप्ते राहिले होते, म्हणून त्यांनी विचारपूर्वक, मुलीला शेजारी बसवून हे कर्ज घेतले आणि त्या निर्णयाचा त्यांना आजही पश्चात्ताप नाही. दर वर्षी कंपनीकडून एक पानाचा फॉर्म येतो : मी याच घरात राहते, खाली सही. एका हिवाळ्यात काकू चार महिने पुण्याला बहिणीकडे होत्या, तेव्हा तो फॉर्म आला. मग स्मरणपत्र आले. मग कंपनीचा माणूस येऊन गेला. दारातला न काढलेला बर्फ आणि पत्रपेटीतून बाहेर आलेले टपाल पाहून त्याने घर रिकामे असल्याचा शेरा मारला. काकू परतल्या तेव्हा टपालाच्या ढिगात सगळ्यांत वर होते ते कर्ज संपूर्ण देय झाल्याचे पत्र. अर्ज भरताना पर्यायी संपर्क म्हणून मुलीचे नाव आणि नंबर दिलेला होता. मधल्या काळात कर्जाचा हिशेब ठेवण्याचे काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेले आणि तो नंबर मागच्या कंपनीच्या दप्तरातच राहिला.

या प्रसंगात कोणी फसवले? विक्रेत्याने सगळे नीट सांगितले होते, समुपदेशकाशी तासभर बोलणे झाले होते, कागद वाचून सही झाली होती. तरीही घर जाण्याची वेळ आली ती फॉर्म, टपाल आणि फोनवरच्या “तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे” या घोषणेच्या साखळीतून. राज्यांचे आजवरचे गाजलेले कायदे या साखळीला फारसा हात लावत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून समुपदेशनानंतर सात दिवस जाईपर्यंत कंपनीने अर्ज स्वीकारू नये किंवा शुल्क घेऊ नये असा नियम केला. मॅसॅच्युसेट्सने कमी उत्पन्नाच्या वृद्धांना समुपदेशन समोरासमोर बसूनच घेण्याची सक्ती केली. टेक्ससने तर १९९७ पर्यंत हा प्रकार आपल्या राज्यात येऊच दिला नव्हता. राहते घर सावकाराच्या हाती लागू द्यायचे नाही ही तिथली परंपरा टेक्सस स्वतंत्र प्रजासत्ताक होते त्या काळापासूनची, आणि रिव्हर्स मॉर्गेजला वाट देण्यासाठी राज्यघटनाच बदलावी लागली. हे सगळे पहारे दारावरचे आहेत. आत गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची चौकशी तिथे फारशी कोणी करत नाही.

विरोधकांचे जे मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात ते आता घेतो. पहिला असा, की पन्नास राज्यांचे पन्नास नियम झाले तर खर्च वाढतो, कंपन्या काढता पाय घेतात आणि गरजू वृद्धाला पर्यायच उरत नाही. यात तथ्य आहे. २००९ च्या सुमारास केंद्राच्या विम्याची अशी एक लाखाहून अधिक कर्जे वर्षाला होत होती. अलीकडे तो आकडा तीस हजारांच्या आसपास घुटमळतो आहे. वेल्स फार्गो आणि बँक ऑफ अमेरिका २०११ मध्ये या धंद्यातून बाहेर पडल्या, पुढच्या वर्षी मेटलाइफही गेली. मात्र त्यांना राज्यांच्या नियमांनी पळवले असे म्हणायला आधार नाही. घरांच्या किमती कोसळल्या होत्या, आणि टॅक्स न भरलेल्या आजीबाईंचे घर जप्त करून वर्तमानपत्रात नाव छापून घ्यायला मोठ्या बँका कचरत होत्या. त्यांच्या जागी ज्या आल्या त्या बहुतांशी ठेवी न घेणाऱ्या कंपन्या, आणि त्यांना परवाना देते ते राज्य. जो परवाना देतो त्याने हिशेब विचारायचा नाही, हे कोणत्या तर्कात बसते?

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. टॅक्स न भरल्यामुळे ज्याचे घर जाते त्याचे ते कर्ज नसते तरीही गेले असते. थकबाकीपोटी कौंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, ते विकलेच असते. मग दोष कंपनीचा कसा? हेही मान्य करायला हवे. काही कर्जदारांकडे घर सांभाळण्याइतके उत्पन्नच नव्हते आणि त्यांना कोणत्याही कायद्याने वाचवले नसते. केंद्राला हे कळायला वेळ लागला. कर्ज देण्यापूर्वी अर्जदाराची टॅक्स आणि विमा भरण्याची ऐपत तपासण्याची अट २०१५ मध्ये आली, योजना सुरू होऊन पंचवीस वर्षे उलटल्यावर. पण आकडे पाहा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१९ च्या अहवालानुसार, संपुष्टात आलेल्या अशा कर्जांपैकी अटी मोडल्याच्या कारणाने संपलेल्यांचे प्रमाण २०१४ मध्ये २ टक्के होते, ते २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर गेले. यातला काही वाटा केंद्राने थकबाकीदारांबाबत कडक धोरण घेतल्याचा आहे, हे खरे. तरी थकबाकी किती, ती कशाची, हप्ते पाडून मिळतील का, हे विचारायला फोन केला तर पलीकडे कोणी उचलणारा असावा, ही अपेक्षा अवास्तव आहे का? जून २०२४ मध्ये ब्युरोने सदरलँड आणि नोव्हाड या कंपन्यांवर १ कोटी ६५ लाख डॉलरची कारवाई केली. हजारो घरमालकांना उत्तरे मिळत नव्हती, आणि कर्ज देय झालेले नसताना देय झाल्याची पत्रे काहींना गेली होती. ही कर्जे केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या ताब्यात आलेली होती आणि नोव्हाड हे त्या खात्याने नेमलेले कंत्राटदार होते. केंद्राच्या देखरेखीवर विसंबून राहा, असे सांगणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

एकसारखा नियम हा आपोआप चांगला नियम नसतो. नवरा ६८ चा, बायको ५९ ची; ती वयात बसत नाही म्हणून कर्ज एकट्या नवऱ्याच्या नावावर करायचे, बायकोचे नाव मालकीतूनही काढायचे, आणि नवरा वारला की विधवेला जप्तीची नोटीस. हे वर्षानुवर्षे देशभर अगदी एकसारखेपणाने चालले. मूळ कायद्यात जोडीदाराच्या संरक्षणाचे कलम होते. खात्याने केलेल्या नियमात ते गळले होते. बेनेट विरुद्ध डॉनव्हन या खटल्यात २०१३ मध्ये न्यायालयाने ते दाखवून दिल्यावर २०१४ मध्ये नियम बदलला, आणि तोही मुख्यतः पुढच्या कर्जांसाठी. तोपर्यंत पन्नासही राज्यांत एकच चूक होत होती.

ज्यांना हा राज्य-विरुद्ध-केंद्र वाद नवा वाटतो त्यांनी वीस-पंचवीस वर्षे मागे जावे. नॉर्थ कॅरोलिनाने १९९९ मध्ये आणि जॉर्जियाने २००२ मध्ये लुटारू गृहकर्जांविरुद्ध कायदे केले. राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय कार्यालयाने २००४ मध्ये नियम काढून सांगितले, की असे राज्य कायदे आमच्या बँकांना लागू नाहीत. तेव्हाही युक्तिवाद हाच होता : एकसारखेपणा हवा, राज्यांनी बाजार तोडू नये. त्यानंतर चार वर्षांत, २००८ च्या आर्थिक संकटात, काय झाले ते जगाने पाहिले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेही पुराणमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांच्या निकालपत्रातून, राष्ट्रीय बँकांविरुद्ध आपले वैध कायदे न्यायालयामार्फत राबवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि वित्तीय सुधारणांच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने राज्यांच्या अटर्नी जनरलना, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्यांना, केंद्रीय ग्राहक कायद्याखाली दावा लावण्याची मुभा दिली. तो अधिकार आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. ब्युरो झोपला म्हणून तो झोपत नाही.

आपल्याकडच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांचे वाडे लुटण्यापेक्षा त्यांची खतपत्रे आणि रोखे बाहेर काढून जाळण्यावर भर दिला. कारण साधे होते. रोख्यावर अंगठा होता, न्यायालय अंगठा पाहून एकतर्फी हुकूमनामा देत होते, आणि दावा लावण्याच्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जात होता. १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला एक विलक्षण अधिकार दिला : सही-अंगठ्यापाशी न थांबता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायचा आणि खरोखर देणे किती निघते ते ठरवायचे. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. “करारस्वातंत्र्य बुडाले, आता शेतकऱ्याला कोणी कर्ज देणार नाही” हा ओरडा तेव्हाही झाला, आणि पूर्ण खोटा नव्हता; काही सावकारांनी हात आखडला. दुसरी गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. गहाणखताची चौकशी होते म्हटल्यावर सावकार खरेदीखत करून घेऊ लागले. कागदावर विक्री, तोंडी वचन की पैसे परत दिलेस तर जमीन परत. कायद्यालाही मग पुढे दुरुस्ती करून त्या खरेदीखताच्या आत डोकवावे लागले.

हेच आज अमेरिकेत चालू आहे. केंद्राच्या विम्याबाहेरची खासगी रिव्हर्स मॉर्गेजे अनेक राज्यांत ५५ व्या वर्षापासून मिळतात आणि केंद्रीय योजनेचे बरेचसे संरक्षण त्यांना लागू होत नाही. त्यांच्याही पलीकडे एक नवा माल आला आहे : आज रोख घ्या, पुढे घराच्या वाढलेल्या किमतीत आम्हाला वाटा द्या, हप्ता नाही, व्याज हा शब्दही नाही, आणि म्हणे हे कर्जच नाही, गुंतवणूक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अटर्नी जनरलनी अशा एका कंपनीवर दावा लावला आणि हे गृहकर्जच असल्याची भूमिका घेतली. दावा टिकेल की नाही हे न्यायालय ठरवील. पण नाव बदलून आलेला कागद उघडून पाहणारा दुसरा कोण होता? केंद्राचा विमा नसलेल्या मालाकडे केंद्राचे गृहनिर्माण खाते ढुंकूनही पाहत नाही.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. साठी ओलांडली म्हणून माणूस अज्ञान होत नाही. स्वतःच्या कष्टाच्या घराचे पैसे जिवंतपणी वापरायचे, की वारसांसाठी राखायचे, हे त्याने ठरवावे. या आक्षेपाशी माझे भांडण नाही. उलट मुले “घर राहू दे” म्हणतात म्हणून आई-वडिलांनी औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खाव्यात, यात कसला कुटुंबधर्म? भारतात २००७-०८ च्या अर्थसंकल्पात हीच योजना जाहीर झाली, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने ६० वर्षांवरील घरमालकांसाठी नियम आखले, आणि तरीही ती रुजली नाही, त्यामागे ‘घर वारसाचे’ ही भावना मोठी आहे. राज्याने ही भावना कायद्यात घालू नये. मॅसॅच्युसेट्सचा समोरासमोर समुपदेशनाचा आग्रह मला याच कारणाने थोडा पालकगिरीचा वाटत आला आहे, आणि कोविडच्या साथीत तो व्हिडिओ कॉलपर्यंत सैल करावा लागला. मात्र स्वतंत्र माणसाने केलेला करार समोरच्यानेही नीट पाळावा, ही मागणी पालकगिरी कशी होते?

आणि दंडाचे काय? अमेरिकन ॲडव्हायझर्स ग्रुप ही या धंद्यातली एके काळची सर्वांत मोठी कंपनी. टॉम सेलेकसारखा विश्वासू चेहऱ्याचा नट तिच्या जाहिरातीत असे. फसव्या जाहिरातींसाठी ब्युरोने २०१६ मध्ये तिला ४ लाख डॉलर दंड केला. २०२१ मध्ये घराच्या किमतीचे फुगवलेले अंदाज पत्राने पाठवल्याबद्दल पुन्हा ११ लाख. पहिल्या दंडाने काय साधले, हे दुसऱ्या दंडाने सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीला असा दंड जाहिरातखर्चात मिसळून जातो. परवाना गेला तर मात्र त्या राज्यातला धंदाच बंद होतो, आणि परवान्याची दोरी राज्याच्या हातात आहे. राज्यांनी या परवान्याच्या अटी सहीनंतरच्या वर्षांसाठी लिहाव्यात. कर्जाचे काम दुसऱ्या कंपनीकडे जाताना पर्यायी संपर्कासह सगळे दप्तर गेलेच पाहिजे. कर्ज देय ठरवण्यापूर्वी त्या संपर्काशी प्रत्यक्ष बोलणे झाल्याची नोंद हवी. फोनवर नाव सांगणारा एकच माणूस हवा. आणि जप्तीपूर्वी थकबाकी हप्त्यांनी भरायची संधी देऊ केली होती की नाही, हे न्यायालयाने कंपनीला विचारावे. यांतल्या काही गोष्टी केंद्राच्या नियमांत आजही कोणत्या ना कोणत्या रूपात आहेत. त्या पाळल्या जातात का, हे पाहणारे दार जवळ असायला हवे.

राज्यांनी स्वतःच्या घरातही पाहावे. कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नाच्या ६२ वर्षांवरील घरमालकांना प्रॉपर्टी टॅक्स पुढे ढकलण्याची सरकारी सवलत आहे. घरावर रिव्हर्स मॉर्गेज असेल तर ती मिळत नाही. सरकारचा बोजा कर्जाच्या पुढे की मागे, असा तांत्रिक पेच त्यामागे आहे हे समजते. पण टॅक्स थकल्याने ज्यांचे घर जाण्याचा धोका सर्वांत मोठा, त्यांनाच वगळणारे राज्य कंपन्यांना दयाबुद्धी शिकवायला निघाले, तर कंपन्यांचे वकील गालातल्या गालात हसतील.

काकूंचे घर वाचले. तीन आठवडे मुलगी कंपनीला फोन करत होती. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. शेवटी तिने पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटे आणि विजेची बिले जोडून राज्याच्या बँकिंग खात्याकडे तक्रार केली. अकराव्या दिवशी कंपनीतून फोन आला आणि पलीकडच्या बाईंनी स्वतःचे पूर्ण नाव व थेट नंबर सांगितला. देय झाल्याचे पत्र मागे घेतले गेले. गेल्या वर्षी ते कर्ज आणखी एका कंपनीकडे गेले. नव्या कंपनीचे पहिले पत्र आले त्याच दिवशी मुलीने फोन लावून विचारले, की पर्यायी संपर्काच्या रकान्यात कोणाचे नाव आहे. रकाना कोरा होता.